बाळ आहे असं समजा

१

माझं काम काय ते सांगितलं की लोक हसतात. नवीन कुकर, फवारणीचा पंप, पाण्याचा फिल्टर असं काही घेतलं की खोक्यातून एक घडी घातलेला कागद निघतो. तो कुणी वाचत नाही. पण तो कुणीतरी लिहिलेला असतो. नंदुरबारच्या आमच्या छोट्या संस्थेत तो मी लिहिते.

त्याचे नियम असतात. एका ओळीत एकच काम. 'योग्य रीतीने' असं कधी लिहायचं नाही, कारण योग्य रीत कोणती तेच तर सांगायचं असतं. आणि संस्था चालवणाऱ्या प्रेमचंद सरांचा आवडता नियम : वाचणाऱ्यावर काही सोडू नकोस. त्याने काय समजायचं, तेही तूच सांग.

मी भित्री आहे. शेजारच्या घरात ताट पडलं तरी दचकते. पण या कामाला भित्रं माणूस बरं पडतं. काय काय बिघडू शकेल ते मला आधीच दिसत असतं.

या हिवाळ्यात ऊबपिशवी आली. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या, वजनाला कमी असलेल्या बाळांसाठी. आतून मऊ, बाहेरून जाड, तोंडाशी दोरी. पाठीमागच्या खिशात मेणाची गादी. ती गरम पाण्यात ठेवली की मेण वितळतं आणि बराच वेळ ऊब धरून राहतं. छातीच्या जागी बोटभर पट्टी शिवलेली होती. आत बाळाच्या अंगाला ऊब असली की पट्टी हिरवी, गार पडायला लागलं की निळी. नमुन्याची एकच पिशवी आमच्याकडे होती. बाकीच्या माझा कागद पक्का झाल्यावर येणार होत्या.

मला घाई होती ती त्या कागदापेक्षा घरासाठी. माझी मोठी बहीण रूथ नवापूरकडच्या डोंगरातल्या गावी दिलेली. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी तिला मुलगी झाली, तीही फार लवकर. इतकी लहान, की दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत ती ठेवलेली नाही, विसरलेली वाटायची. आता ती घरी जाणार होती. डॉक्टरीणबाईंनी ताईला एकच गोष्ट बजावली होती : गार पडू द्यायची नाही. एकदा गार पडली तर परत इथे आणण्याइतका वेळ मिळेलच असं नाही.

म्हणून चाचणी झाली की ती नमुन्याची पिशवी ताईकडे द्यायची, असं सरांनी आपणहून ठरवलं होतं.

२

चाचणी रनाळ्याला ठेवली. चाचणी म्हणजे कागद बाईच्या हातात द्यायचा आणि आपण गप्प बसायचं. बाई जिथे अडखळते तिथे आपली ओळ चुकलेली असते, बाई नाही.

गुलाबबाईंच्या ओसरीवर आम्ही बसलो. गावातली निम्मी बाळंतपणं त्यांच्या डोळ्यांसमोर झालेली. त्यांची सून रिना भिंतीला टेकून शेंगा फोडत होती. दुपारची वेळ, समोरच्या अंगणात मिरच्या वाळत घातलेल्या, सगळ्यांना मधूनच ठसका येत होता. मी पिशवी काढली आणि मग लक्षात आलं, सरावाची रबरी बाहुली ऑफिसातच राहिली.

"मजार काय ठेऊ?" गुलाबबाईंनी पिशवीत डोकावून विचारलं. आत काय ठेवू?

"काही नाही. नुसतं करून दाखवा."

त्यांनी पिशवी खाली ठेवली. "रिकामी झोयी कोन्ही हालावत नही, माय."

रिकामी झोळी हलवायची नाही, हे माझी आईही म्हणायची. पुढे गुलाबबाई म्हणाल्या ते मात्र मला नवीन होतं. आमच्यात बारसं नसतं, बाप्तिस्मा असतो. त्यांच्यात बारशाला पाळण्यात आधी वरवंटा निजवतात. त्याला टोपडं घालतात, जोजवतात, आणि मगच बाळ ठेवतात. का, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्या उठून आतून वरवंटा घेऊनही आल्या. काळा, गुळगुळीत, टोकांना हळदीने पिवळा पडलेला.

मी घाबरले ते मेणाच्या गादीसाठी. एवढा दगड आत सरकवला आणि गादी फाटली तर ताईला काय देणार? एकच तर पिशवी होती.

"दगड नको बाई. नुसतं समजा."

"काय समजू?"

"बाळ आहे असं समजा."

गुलाबबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग वरवंटा भिंतीशी ठेवला, पदराने हात पुसले आणि कागद वाचायला घेतला.

इतकी छान चाचणी माझी कधीच झाली नव्हती. त्या कुठेही अडखळल्या नाहीत. गादी गरम पाण्यात ठेवली, पुसून खिशात सरकवली. दोन्ही हातांवर काही नसलेलं काहीतरी उचललं, मानेखाली तळहात धरून आत ठेवलं. दोरी ओढली, तोंडाची जागा मोकळी सोडली. कृतीतली शेवटची ओळ होती : बाळ शांत होईपर्यंत हलकं थोपटा. त्या थोपटू लागल्या.

रिनाने टरफल फेकलं. "आत्या, हाऊ टोमना माले शे ना?" हा टोमणा मला आहे ना, असं ती सासूला म्हणाली.

मी हसले. रिनाही हसली. नातवासाठी सासू तिच्या मागे लागली होती, ते मला येतानाच कळलं होतं. गुलाबबाई हसल्या नाहीत. थोपटतच राहिल्या.

"झालं बाई," मी म्हटलं. "संपलं. फार छान केलंत."

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हायू," त्या कुजबुजल्या. हळू. "जपी जायेल शे."

जपणं म्हणजे त्यांच्या बोलीत झोपणं. मला वाटलं, आता त्या माझी गंमत करताहेत. मी पिशवी घ्यायला हात पुढे केले. त्यांनी ती माझ्या हातात दिली नाही. माझा एक हात धरून तो आधी पिशवीच्या वरच्या टोकाखाली नेला, नीट बसवला, आणि मग सोडली.

पट्टी हिरवी होती. होणारच, गादी गरम होती.

३

एसटीत मी पिशवी मांडीवर घेऊन बसले. खिडकीची काच अर्धीच लागत होती. शेजारच्या म्हातारीने मला कोपराने ढोसलं आणि म्हणाली, इकडे सरक, वारं लागेल त्याला.

मी सांगणार होते की ही रिकामी आहे. पण मग माझ्या हाताकडे लक्ष गेलं. रनाळ्याच्या स्टँडपासून माझा डावा तळहात पिशवीच्या टोकाखाली तसाच होता. मुंग्या आल्या होत्या. रिकाम्या कापडाने हाताला मुंग्या येतात का? येत असतील. एका स्थितीत हात ठेवला की येतातच, मी मनाशी म्हटलं. आणि सरकून बसले.

खोलीवर नेण्याऐवजी मी ती ऑफिसात कपाटावर ठेवली. दुसऱ्या दिवशी कुलूप उघडलं तेव्हा पट्टी हिरवी होती.

मेण इतका वेळ ऊब धरत नाही. ते मीच तर कागदात लिहिलं होतं. मी गादीचा खिसा दाबून पाहिला. मेण गोठून साबणाच्या वडीसारखं टणक झालं होतं, गारठलेलं.

प्रेमचंद सर आले, टोपी काढली, माझं ऐकून घेतलं. "पट्टी बिघडली असेल. चायनाचा माल. आण इकडे."

त्यांनी दोरी सैल केली आणि मनगटापर्यंत हात आत घातला.

"गार आहे ना गादी?" मी विचारलं.

हात आतच होता. पलीकडच्या दुकानात कुणीतरी पत्र्याचं शटर वर ढकललं, मी दचकले, ते दचकले नाहीत. कुणीतरी बोलत असताना मध्ये बोलू नये म्हणून आपण जसे थांबतो, तसे ते थांबले होते.

मग त्यांनी हात काढला, अगदी सावकाश. तर्जनी पॅण्टला पुसली. पॅण्टवर ओला डाग उमटला.

"आत ओल धरलीय," ते म्हणाले. "उन्हात ठेव."

मागे मोरीत ते बराच वेळ हात धूत होते. पाण्याचा आवाज थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा.

मी हात घालून पाहिला नाही. दोरी ओढून बंद करणार होते, तर तोंडाची जागा मोकळी सोडायला माझी बोटं आपोआप थांबली.

४

पिशवी ताईकडे जाऊ द्यायची नाही, एवढं मी ठरवलं. पण कारण काय सांगायचं? पट्टी खराब आहे? सर म्हणतील, पट्टी बदल. आत ओल आहे? उन्हात ठेव. कारण सांगता येत नसेल तर ते नसतंच, असं मला कॉलेजात शिकवलं होतं. आणि मुलगी त्याच दिवशी घरी जाणार होती. डोंगरात पहाटे दहिवर गोठायला लागलं होतं. पिशवी नाकारायची तर तिला गुंडाळायचं कशात?

त्यातच दुपारी एका पंपाचा कागद दाखवायला मला शहाद्याला जावं लागलं. काम लवकर आटोपलं. स्टँडवर उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता अडवला होता, ड्रायव्हर एकमेकांवर ओरडत होते. त्या गोंगाटात धीर आला आणि मी गुलाबबाईंना फोन लावला.

"बाई, आता वरवंटा ठेवला तर?"

त्यांनी रिनाला दार लोटून घ्यायला सांगितलं. मग म्हणाल्या, "आधी ठेवतस, माय. नंतर नही. आते जागा भरी गई." आता जागा भरली.

"मग आता काय करायचं?"

"माले काय इचारस? तू लिखस, तू सांग." मला काय विचारतेस. लिहितेस तू, सांग तूच. बोलण्यात राग नव्हता. तोच मला हवा होता.

मी लगेच सरांना लावला. ती पिशवी कुणाला देऊ नका, म्हटलं, निदान मी येईपर्यंत.

"अगं, तुझे भाऊजी सॅम्युअल मघाशीच घेऊन गेले की. तुझ्याच बहिणीचं काम कशाला अडवायचं?" आणि मग, मी न विचारता, "उन्हात ठेवली होती मी. काही नाही तिच्यात."

ती टेबलावरून गेली म्हणून त्यांना किती हलकं वाटत होतं, ते फोनवरही कळत होतं.

ताईला फोन लागला नाही. त्यांच्या गावात टेकडीवर गेल्याशिवाय रेंज येत नाही.

५

सकाळच्या पहिल्या गाडीने मी नवापूरला उतरले. सॅम्युअल भाऊजी मोटरसायकल घेऊन आले होते. कानाला मफलर, डोळ्यांत झोप, पण खूश.

"मावशीबाई आल्या!" ते म्हणाले. "भाची बघायला की पिशवी बघायला?"

"कशी आहे ती?"

"तुझी पिशवी? एक नंबर. तो कागद मी दोनदा वाचला, रिबे. पोरगंही समजेल असं लिहिलंयस."

"मी मुलीचं विचारते."

"तीही बरी आहे. आई बघते तिला." त्यांनी किक मारली. गाडी सुरू झाल्यावर मान मागे वळवून ओरडले, "आणि तुमच्या त्या गादीचं काही कामच नाही! पाणी तापवावंच लागत नाही. आम्ही ठेवायच्या आधीच पिशवी गरम असते!"

वाटेत सागाची पानं गळलेली, रस्त्यावर त्यांचा चुरा. थंडीने डोळ्यांतून पाणी येत होतं. घरी माणसं आहेत, मी मनाशी म्हणत होते. दिवस उजाडलाय. ताईची सासू आहे. इतक्या माणसांत काय होणार आहे?

घर कुडाचं, शेणाने सारवलेलं, दारावर लाकडी क्रूस. भाऊजी गाडी लावून बैलांकडे गेले. मी वाकून आत शिरले.

ताई खाटेवर बसली होती. मांडीवर पिशवी. पट्टी हिरवीगार, अंधारात तेवढीच दिसत होती. ताई थोपटत होती.

माझा जीव भांड्यात पडला. पिशवीत बाळ होतं. बाळाने पट्टी हिरवी होणारच. एवढं साधं.

"ये," ताई कुजबुजली. लहानपणी मी भ्याले की ती माझे हात स्वतःच्या काखेत धरून गरम करायची. आता तिने माझ्याकडे नीट पाहिलंही नाही. डोळ्यांखाली काळं आलं होतं. "हळू बस. खाट वाजते."

"झोपली?"

"आत्ता. रात्रभर जागवलं."

"दूध घेते?"

"सारखं," ताई म्हणाली. "सारखं हवंच असतं."

मी वाकून बघणार होते. पिशवीचं तोंड ताईच्या पोटाकडे वळलेलं होतं. तेवढ्यात मागचं दार ढकललं गेलं आणि उजेडाचा पट्टा जमिनीवर पडला. ताईची सासू मंगळीबाई आत आल्या. त्यांच्या लुगड्याच्या ओच्यात, तेल लावलेली, उन्हातून आणलेली, मुठी आवळलेली मुलगी होती.

६

ताईने थोपटणं थांबवलं नाही.

"ऊन गेलं," मंगळीबाई म्हणाल्या. "ढग आलेत. गार पडली ही. हिला ठेव आता पिशवीत."

मी मुलीच्या तळव्याला हात लावला. ते बोटभर पाऊल ओढ्यातल्या खड्यासारखं गार होतं. ओठांची कड निळसर. ती रडत नव्हती. रडायला जे लागतं तेही तिच्यात उरलं नव्हतं.

"ताई, पिशवी दे."

"कशी देऊ?" ताईने मांडीकडे पाहिलं. "पट्टी हिरवी आहे अजून. पट्टी हिरवी असेपर्यंत बाळाला पिशवीतून काढू नका. तूच लिहिलंयस."

"बाळ हे आहे, ताई! हे बघ, आईंच्या हातात!"

तिने मुलीकडे पाहिलं. मग मांडीकडे. तिला कळत नव्हतं असं नाही. तिला दोन्ही दिसत होतं. तिचे डोळे भरून आले.

"मला माहीत आहे गं," ती म्हणाली. "तिला ठेवायला मी कालपासून बघतेय. पण आधी काय करू? तू लिहितेस ना, रिबे? सांग ना. आधी काय करायचं?"

माझ्याकडे ती ओळ नव्हती. हे काढायचं कसं, काढून ठेवायचं कुठे, ते मी कुठेच लिहिलं नव्हतं. मला एकच ओळ आठवली, कागदाच्या तळाशी इशारा म्हणून छापलेली, जाड अक्षरांतली. मी स्वेटर वर केला, कुर्त्याची बटणं तोडली आणि मुलीला मंगळीबाईंच्या हातातून घेऊन उघड्या छातीशी लावलं. गारठा हाडात गेला. मंगळीबाईंनी वरून गोधडी टाकली, आम्हा दोघींना तिच्यात गुंडाळलं, आणि मुलीच्या डोक्यावर हात धरून पुटपुटत प्रार्थना सुरू केली.

"सोड ती पिशवी, ताई. इकडे ये. पाणी तापव."

ताई उठली. पहिल्यांदाच. तिने पिशवी खाटेवर ठेवली, टोकाखालचा हात सर्वांत शेवटी काढला, आणि चुलीकडे गेली. सरपणातली काटकी मोडल्याचा आवाज आला. फुंकणीतून तिचा श्वास.

माझ्या छातीवर काहीतरी हललं. आवळलेली एक मूठ उघडली. मग अगदी बारीक, कापड फाटावं तसं, मुलगी रडली. मंगळीबाई रडता रडता हसल्या. "आली, आली गं!" मीही हसले. मला वाटलं, झालं.

मुलगी गप्प झाली. रडणं मात्र थांबलं नाही.

ते खाटेवरून येत होतं. मी बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं. पिशवी ठेवली होती तशीच होती. पट्टीच्या एका टोकाला हिरवा रंग विरत चालला होता. तिथून निळा सरकत येत होता, सावकाश, शाई टिपकागदावर पसरते तसा.

मंगळीबाईंची प्रार्थना थांबली.

चुलीपाशी ताई वळली. तिने पट्टी पाहिली. तिचे ओठ हलले. ती माझीच ओळ म्हणत होती, शब्दही न चुकवता, कारण ती ओळ मी कुणालाही चुकता येणार नाही अशी लिहिली होती : पट्टी निळी झाली तर वाट पाहू नका. बाळाला लगेच उघड्या छातीशी घ्या.

"ताई, नको," मी म्हटलं. मला उठता येईना. छातीशी मुलगी नुकती कुठे गरम होत होती.

ताई खाटेवर बसली. तिने चोळीच्या गाठी सोडल्या. पिशवीची दोरी सैल केली, दोन्ही हात आत घातले, मानेखाली तळहात धरावा तसा तळहात वळवला, आणि उचललं.

तिच्या हातात काही दिसलं नाही. तिने पदर ओढून घेतला. तो आधी सरळ पडला. मग छातीपाशी, मुठीएवढ्या डोक्यावरून घसरावा तसा घसरला आणि तिथेच थांबला.

रडणं थांबलं.

"किती गार आहे गं," ताई म्हणाली, आणि थोपटू लागली.